घरची वीट

३ फेब्रुवारी

ती. वन्सं यांना,

नमस्कार. तुम्ही नीट पोचल्याचे पत्र मिळाले. इथे सगळे ठीक आहे. ठीक म्हणजे, लोक येतात, बसतात, यांच्या फोटोकडे बघतात, पाणी पितात आणि जातात.

पत्र लिहायचे कारण वेगळे आहे. इथल्या ग्रंथालयाला वार्षिक अंक काढायचा आहे. ग्रंथपाल दारातच उभे राहून म्हणाले, "गावातली निम्मी घरं तुमच्या विटांची. भट्टीचा आणि तिच्या मालकांचा इतिहास तुम्हीच लिहून द्या." मी म्हटले, मला कुठे लिहिता येते? तर म्हणाले, "शाळेत गेला होतात ना? मग झालं." माझ्या लग्नानंतरचे मला माहीत आहे. त्याआधीचे तुम्हाला. तेवढे कळवावे.

भट्टी रचलेली आहे, तुम्ही पाहिलीच. वरची शेवटची रांग यांनी स्वतः लावली, बाहेरून लिंपून घेतली आणि म्हणाले, सोमवारी जाळ घालू. सोमवार आला, हे नव्हते. कच्च्या विटा तशाच आत आहेत. पावसाच्या आत भाजल्या नाहीत तर त्यांची पुन्हा माती होईल. नदीपलीकडचा कौलांचा कारखानदार भट्टी आहे तशी विकत घ्यायला तयार आहे. त्याला मार्च संपायच्या आत उत्तर हवे आहे. माझ्या मनात विकायचे नाही. पण नुसते मनात असून भट्टी पेटत नाही. हे तुम्हाला माहिती म्हणून कळवते आहे, सल्ला मागण्यासाठी नव्हे.

यंदा तुमची वीट येणार नाही. दरवर्षी भट्टी उघडली की यांचे पहिले काम तेच असायचे. वीट कागदात बांधून घरी आणायचे, वरून गुंडाळायला जुन्या चादरीचा तुकडा मी फाडून द्यायचे, सुतळी मी धरायचे आणि गाठ हे मारायचे. पोस्टमन ते गाठोडे उचलताना म्हणायचा, "वहिनी, सोन्याची आहे का हो?" आता त्याची पाठ सुटली.

तुमची भावजय

*

९ फेब्रुवारी

भावजयबाई,

इतिहास पाहिजे? घे. पेन्सिल आण आणि बस.

आमचा आजा गाडीवान होता. गावाने तळं खणायला काढलं आणि निघालेली माती कुठे टाकायची यावरून माणसं एकमेकांच्या अंगावर धावायला लागली. आजा म्हणाला, भांडू नका, माझे बैल रिकामेच आहेत. सगळी माती त्याने आपल्या पडीक जागेत नेऊन ओतली. लोक म्हणाले, याला माती खायला कमी पडली वाटतं. मग त्याने भट्टी लावली. पहिल्या भट्टीतल्या निम्म्या विटा वाकल्या नाहीतर फुटल्या. चांगल्या निघाल्या त्या पुलाच्या ठेकेदाराने नेल्या. वाकड्यांचं त्याने घर बांधलं. तेच, ज्यात तू राहतेस. स्वयंपाकघरात तुझी फळी सरळ बसत नाही ना? ती आजाची मेहेरबानी.

आजी खूप भांडली. तर म्हणाला, "चांगली वीट गिऱ्हाइकाला, वाईट घरच्याला. गिऱ्हाईक तोंड फिरवून जातं. घरचं माणूस कुरकुरतं, पण जात नाही." तेव्हापासून हा आमच्या घराचा नियम. तुला नवीन नाही.

आजामागे भट्टी अप्पांकडे आणि काकांकडे आली. काकांना उंच धुराडं बांधायचं होतं, अप्पांना नव्हतं. वर्षभर एका ताटात जेवले आणि एक शब्द बोलले नाहीत. शेवटी काका गाडी-बैल घेऊन निघून गेले आणि भट्टी अप्पांना राहिली. आई सांगायची, जाताना बैल रडले, काका नाही रडले.

अप्पांच्या वेळी जाळ कोण बघायचं, हेही लिही. मी बघायचे. ढेकळ्या, म्हणजे तुझा नवरा, साच्यात हात असा की वीट टाकली की कोपरा न कोपरा उठून दिसावा. पण जाळाजवळ आला की तोंड फिरवायचा. लहानपणी भुवया जळल्या होत्या, ती भीती काही गेली नाही. भट्टीच्या तोंडाशी मी बसायचे. अप्पा म्हणायचे, हिला जाळ ऐकू येतो. पुढे माझं लग्न ठरलं आणि भट्टी त्याची झाली. मला कोणी विचारलंही नाही.

हवं तर मी येते. आठवडाभर राहीन, जाळ घालून देईन आणि परत येईन.

वन्सं

*

१४ फेब्रुवारी

ती. वन्सं यांना,

नमस्कार. इतिहास मिळाला, आभारी आहे. आजोबा आणि मामंजी यांच्याबद्दलचा मजकूर उतरवून घेतला. पुढचा वगळला आहे. ग्रंथालयाने मालकांचा इतिहास मागितला आहे, मालकांच्या बहिणींचा नाही. आणि माझ्या नवऱ्याला जाळाची भीती वाटत होती, असे मी छापू देणार नाही. ज्या माणसाने सगळा संसार भट्टीवर काढला त्याच्याबद्दल, तो गेल्यावर महिन्याभरात, त्याच्या बहिणीने असे लिहावे याचे नवल वाटले.

तुम्ही येऊ नये. तुम्ही भेटायला आलात त्या दिवशी मजूर तुमच्याभोवती जमले. मुकादम तुम्हाला म्हणाला, "ताई, जाळ कधी घालायचा?" मी दारातच उभी होते. मला त्याने विचारले नाही. मी तिथे आहे हे त्याला दिसत होते.

लिहायला बसलेच आहे तर लिहून टाकते. पुन्हा धीर होणार नाही.

तुमचे पत्र आले की हे विहिरीपाशी जाऊन उभ्याने वाचायचे, घराकडे पाठ करून. कधी हसायचे, कधी मान खाली घालायचे. मग ते पत्र चुलीत. एकदा मी विचारले, काय लिहितात ताई? म्हणाले, "नेहमीचंच." नेहमीचे म्हणजे काय ते मला कधी कळले नाही. जाळायचे ज्या अर्थी, त्या अर्थी माझ्याबद्दल असणार, एवढे कळले. माझ्याशी हे मीठ-तेल, पाहुणे, छपराची गळती एवढेच बोलायचे. चांगले बोलायचे, तक्रार नाही. पण विहिरीपाशी जो माणूस उभा असायचा तो मला कधी भेटला नाही.

अव्वल वीट तुम्हाला जायची. मला काय मिळाले तेही सांगते. स्वयंपाकघराच्या दारापासून धुण्याच्या दगडापर्यंत परसात वाट करायला घेतली होती. भट्टी उघडली की दरवर्षी विटांची एक ओळ. तुमच्या घरच्या नियमाप्रमाणे टाकाऊ. गुडघ्यावर बसून स्वतः बसवायचे आणि म्हणायचे, "चाल बघू." मी चालायचे. काय करणार? ती वाटही निम्म्यातच राहिली.

जाळाचे मी बघेन. नाही जमले तर कारखानदार आहेच.

तुमची भावजय

*

१ मार्च

भावजयबाई,

तुझ्या पत्राला एक उत्तर लिहिलं ते फाडलं. दुसरं लिहिलं, ते पाकिटात घालून फाडलं. पाकीट वाया गेलं, त्याचाही राग तुझ्यावरच काढला. हे तिसरं.

त्या सगळ्या विटा माझ्या मागच्या दारात रचून ठेवल्या आहेत. कुंडी ठेवायची म्हटली तरी धड उभी राहत नाही. काही तडकलेल्या. एक इतकी जळालेली की काळी पडून काचेसारखी झाली आहे. तिला आम्ही झामा म्हणतो, तुझ्या कानावर आलं असेल. बाकीच्या कच्च्या. पावसात विरघळून साबणाच्या वडीएवढ्या उरल्यात. अगं, एवढी वर्षं चादर फाडून दिलीस, एकदा कागद सोडून वीट वाजवून बघायचीस की! बोटाच्या पेराने टोला मारला तरी कळतं. पक्की वीट खणकन बोलते, कच्ची बद्द वाजते.

दरवर्षी भट्टीतली सगळ्यात वाईट वीट तो मला पाठवायचा. सोबत चिठ्ठी, आणि चिठ्ठीत एकच ओळ: "ताई, ही अशी का झाली?" बहुतेक करून वाऱ्याकडच्या कोपऱ्यातली असायची. तिकडून गार वारा आत शिरतो आणि जाळ तिथपर्यंत पोचतच नाही. मी वीट फोडून आतला रंग बघायचे आणि त्याला कळवायचे. कळवायचे म्हणजे शिव्या द्यायचे. ढेकळ्या, गाढवा, वाफ जायच्या आधी जाळ का वाढवलास? ढेकळ्या, तुला घाई कसली, भट्टी काय गाव सोडून चालली होती? अशी पत्रं कोणता नवरा बायकोच्या हाती लागू देईल? म्हणून चुलीत.

तुझ्याबद्दल त्यात काहीच नसायचं असं नाही. एका वर्षी त्याने चिठ्ठीच्या मागे लिहिलं होतं, "माल चांगला निघाला. अव्वल विटांची एक ओळ हिच्या वाटेला घातली. गिऱ्हाईक ओरडलं, पण चिखलात हिचे पाय भिजतात." पुढच्या वर्षीही तेच. त्याच्या पुढच्याही.

समजतंय का तुला? आजाचा नियम त्याने मोडला. अप्पांनी आमच्या आईसाठी मोडला नव्हता. माझ्या लग्नात मी चुलीपुरत्या चार चांगल्या विटा मागितल्या, तर मला वाकड्याच बांधून दिल्या, वर सांगितलं, तू घरचीच ना. आणि या पठ्ठ्याने बायकोच्या पायाखाली अव्वल माल घातला!

मी जळले. भट्टी त्याला मिळाली तेव्हा जळले नव्हते एवढी जळले. मध्ये तुमच्याकडे राहायला आले होते तेव्हा त्या वाटेवर मुद्दाम अनवाणी चालले. तू मागून म्हणालीस, "वन्सं, चपला घाला, पाय मळतील." मला वाटलं, एक वीट उपटावी आणि पिशवीत घालून घरी न्यावी. आणि तू, बाई, त्याच विटांना टाकाऊ समजून इतकी वर्षं माझ्यावर जळत होतीस! हसावं की कपाळावर हात मारावा?

माझं खोटं वाटत असेल तर एक वीट काढ आणि वाजव.

वन्सं

*

५ मार्च

ती. वन्सं यांना,

नमस्कार. तुमचे पत्र आले. ते मी विहिरीपाशी जाऊन वाचले. का गेले ते सांगता येत नाही.

मग उलथणे घेतले आणि परसातल्या पहिल्या ओळीतली एक वीट काढली. धुतली. वाजवली. शेवटच्या ओळीतली काढली, तीही वाजवली. दोन्ही बोलल्या. आत येऊन स्वयंपाकघराच्या भिंतीला टोला मारला. तिथे बद्द. बराच वेळ कधी इथे, कधी तिथे वाजवत होते. शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "बरं वाटतंय ना तुम्हाला?" मी म्हटले, हो.

विटा परत बसवल्या. यांच्यासारख्या सपाट बसल्या नाहीत.

मी तुमच्याबद्दल जे समजत होते ते चुकीचे होते. त्याचे वाईट वाटते. पण हेवा गेला असे लिहिले तर ते खोटे होईल. तो नुसता कूस बदलून झोपला आहे. अव्वल वीट तुम्हाला जाते याचा हेवा होता. आता फसलेली वीट तुम्हाला जात होती याचा वाटतो. मला त्यांनी एकदाही विचारले नाही की ही अशी का झाली. मला उत्तर आले नसते, हे खरे. पण मी वीट हातात तर घेतली असती.

कारखानदार काल येऊन गेला. भट्टीभोवती फिरला, लिंपण नखाने खरवडून बघितले आणि म्हणाला, "बाईमाणसाचं काम नाही हो हे." मी चहा विचारला नाही.

तुम्ही या, असे लिहायला घेतले होते. तो कागद बाजूला ठेवला. तुम्ही आलात तर मुकादम पुन्हा तुम्हालाच विचारील. तेव्हा जाळ कसा घालायचा ते पत्रातून कळवावे. मी शाळेत गेलेली आहे. लिहिलेले समजते.

तुमची भावजय

*

९ मार्च

भावजयबाई,

शाबास. मीही येणार नव्हतेच. आले तर ती माझी भट्टी होईल. मी स्वतःला ओळखते. एकदा तोंडाशी बसले की मला तिथून उठवायला अप्पांनाच वरून खाली यावं लागेल.

आता नीट ऐक.

सुरुवातीला जाळ अगदी बारीक. भट्टीला वाटलं पाहिजे की कोणी आपल्याशी गप्पा मारायला आलंय. वरून पांढरा धूर निघेल. तो धूर नव्हे, विटांमधलं पाणी. ते जाईपर्यंत जाळ वाढवायचा नाही. कसं कळणार? एक गार लोखंडी सळई घे, भट्टीच्या माथ्यावर भोक ठेवलेलं असेल त्यात घाल, लगेच काढ. सळई ओली निघाली तर थांब. कोणी काहीही म्हणो, थांब. कोरडी निघाली की मग जाळ वाढव, आणि मग मात्र कंजुषी करू नको.

वाऱ्याकडची तोंडं निम्मी लिंपून घे. वारा फिरला तर तूही फिर.

माल भाजला की विटा आकसतात आणि भट्टीचा माथा खाली बसतो. वीतभर बसला की सगळी तोंडं बंद कर, लिंप, आणि घरी जाऊन झोप. उघडायची घाई करू नको. ही तुझ्या नवऱ्याची दुसरी खोड. गरम विटांना गार वारा लागला की त्या तडकतात, आणि मग ताईला पार्सल.

भुवया सांभाळ. तुझ्या बऱ्या आहेत.

इतिहासात मला घाल नाहीतर नको घालू. अंक आला की मी चष्मा लावून बघणार आहे, एवढं लक्षात ठेव.

वन्सं

*

१९ एप्रिल

ती. वन्सं यांना,

नमस्कार. उशीर झाला. सवडीने लिहायचे होते.

जाळ मी घातला. मुकादम आधी मजुरांकडे बघत होता, मग आकाशाकडे, मग नाइलाजाने माझ्याकडे. दुसऱ्या दिवशी म्हणाला, "वाढवू या जाळ?" मी माथ्यावर चढले, सळई घातली, काढली आणि त्याच्या हातावर टेकवली. पाणी होते. मी म्हटले, नाही. तो म्हणाला, "मालक एवढं थांबायचे नाहीत." मी म्हटले, "माहीत आहे मला."

त्यानंतर तो मला विचारू लागला. आधी तिरकस, मग सरळ.

तोंडाशी बसल्यावर यांची भीती कशी असेल ते कळले. जाळाचा लोट बाहेर येतो तेव्हा मान आपोआप फिरते. हा माणूस दरवर्षी घरून डबा घेऊन तिथे जायचा आणि संध्याकाळी येऊन छपराच्या गळतीबद्दल बोलायचा. उजवी भुवई माझीही थोडी गेली आहे.

माथा बसला तेव्हा मजूर ओरडले. मी खाली उतरले आणि लिंपणाची माती मागवली. मग सगळे बंद केले. कारखानदाराला निरोप धाडला की भट्टी विकायची नाही. तो म्हणाला, "आधी उघडून तर बघा." उघडली. माल चांगला निघाला. त्याने माणूस पाठवला होता बघायला. त्याच्या हातात दोन विटा दिल्या आणि म्हटले, वाजवा.

ग्रंथपालांना मजकूर दिला. पहिले मालक, त्यांची मातीची रास आणि वाकडे घर. दुसरे मालक, त्यांच्या वेळी भट्टीचा जाळ त्यांची मुलगी बघत असे. तिसरे मालक, साच्यात त्यांच्यासारखा हात कुणाचा नव्हता, जाळ मात्र ते बहिणीला विचारून घालीत. ग्रंथपाल म्हणाले, "हे शेवटचं काढू या का? लोक हसतील." मी म्हटले, लोक ज्या भिंतींच्या आत बसून हसतील त्या आमच्याच विटांच्या आहेत. छापायचे तर सगळे छापा. मग त्यांनी विचारले, सध्याचे मालक म्हणून काय लिहू? मी म्हटले, लिहा, सध्या भट्टी घरच्या दोन बायका बघतात.

परसात एक ओळ घातली. गुडघ्यावर बसून, वाळू चाळून, यांच्यासारखीच. चाल बघू म्हणायला कोणी नव्हते, तशीच चालले. धुण्याचा दगड अजून बराच लांब आहे. दरवर्षी एक ओळ म्हटली तरी बरीच वर्षे भट्टी लावावी लागेल.

एक वीट आजच पार्सलने पाठवली आहे. चादर मी फाडली आणि गाठही मीच मारली, तेव्हा सोडताना त्रास होईल. पोस्टमनने गाठोडे उचलले आणि थांबला. म्हणाला, "वहिनी, पुन्हा सोन्याची?" मी म्हटले, "नाही, कच्ची आहे. घरच्या माणसाला पाठवते आहे."

वाऱ्याकडच्या कोपऱ्यातली आहे. तुम्ही सांगितल्याप्रमाणे तोंडे निम्मी लिंपली होती, वारा फिरला तेव्हा मीही फिरले. सळई कोरडी निघेपर्यंत थांबले. तरी तेवढाच कोपरा राहिला.

वन्सं, ही अशी का झाली?

तुमची भावजय